स्वतःच्या गतीने करायची ऑनलाइन प्रात्यक्षिकं: विद्यार्थी तिसऱ्या प्रयोगानंतर थांबतात, रचना कशी बदलावी?

वर्नियर

नमस्कार मंडळी. पदवीच्या पहिल्या वर्षाचा भौतिकशास्त्राचा प्रात्यक्षिक अभ्यासक्रम आहे. पूर्ण ऑनलाइन, आणि प्रत्येकाने आपापल्या सोयीने करायचा. १२ प्रयोग, १४ आठवडे, साधारण ९० विद्यार्थी, एक शिक्षक आणि दोन सहायक. साहित्याची पेटी घरी पाठवली जाते. पहिले सहा प्रयोग यांत्रिकीचे (लंबक, स्प्रिंग, घर्षण वगैरे), पुढचे सहा विद्युत मंडलांचे. प्रत्येक प्रयोगाला एक २५ मिनिटांचा व्हिडिओ, एक हस्तपुस्तिका आणि शेवटी अहवालाची पीडीएफ. सगळे प्रयोग पहिल्या दिवसापासून खुले, आणि सगळ्याला मिळून अंतिम तारीख एकच.

पहिले दोन प्रयोग जवळपास सगळे करतात. तिसऱ्यापासून गळती सुरू होते. शेवटच्या दोन आठवड्यांत अहवालांचा ढीग येतो, आणि त्यातली कित्येक रीडिंग उत्तरावरून उलटी काढलेली दिसतात. सर्वांना आठवणीचे मेल पाठवून काही फरक पडत नाही. दर आठवड्याची सक्ती केली तर नोकरी सांभाळून शिकणारे अडतात, आणि हा अभ्यासक्रम मुळात त्यांच्यासाठीच काढला आहे.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. मुदती किती आणि कशा ठेवाव्यात? विद्यार्थी नेमका कुठे अडकला हे वेळेत कसं कळेल? आणि तीन माणसांना झेपेल अशी तपासणी कशी बसवावी?

---

मोकळी_मुदत

मुदतींबद्दल लिहितो.

१४ आठवड्यांवर एकच अंतिम तारीख ठेवली की हेच होणार, त्यात विद्यार्थ्यांचा आळस शोधू नका. फ्रेड केलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली स्वतःच्या गतीने, एकेक घटक पक्का करत शिकण्याची पद्धत मांडली, तेव्हापासून ही पद्धत वापरणाऱ्यांची मुख्य तक्रार चालढकलीचीच आहे. अरिएली आणि वेर्टनब्रोख या संशोधकांच्या २००२ च्या अभ्यासात मुद्रितशोधनाचं काम तीन प्रकारे दिलं होतं: ठरावीक अंतराने बाहेरून दिलेल्या मुदती, स्वतः ठरवलेल्या मुदती आणि फक्त शेवटची तारीख. काम सर्वांत चांगलं झालं पहिल्या गटाचं, सर्वांत वाईट शेवटच्या गटाचं. स्वतः ठरवणारे मध्ये राहिले.

त्यामुळे वेग मोकळा ठेवा, पण आठवड्यापेक्षा मोठ्या चौकटीत. तुमच्या आकड्यांत ते छान बसतं. पहिला आठवडा पेटी-तपासणीचा. मग तीन-तीन प्रयोगांचे चार गट, प्रत्येक गटाला तीन आठवडे. असे झाले १३. चौदावा आठवडा राहिलेलं पुरं करायला मोकळा. गटातले तीन प्रयोग कोणत्याही क्रमाने, कोणत्याही दिवशी करू द्या. फक्त रविवारी वेळ मिळणाऱ्यालाही तीन रविवार मिळतात.

पुढचा एक गट कायम उघडा ठेवा, म्हणजे वेगाने जाणारे अडत नाहीत. त्यापुढचे बंद. बाराही प्रयोग एकदम दिसले की माणूस सोपे वाटणारे आधी उरकतो आणि अवघड सगळे शेवटी साचतात.

सवलत आधीच जाहीर करा: प्रत्येकाला पाच-पाच दिवसांच्या दोन मुदतवाढी, कारण विचारायचं नाही, पण मुदत संपण्याआधी फॉर्म भरायचा. कारणं तपासण्यात सहायकांचा जीव जातो, आणि खरोखर अडचणीत असलेलाच मागायला संकोचतो. त्यानंतर उशीर झाला तर गुण ८० टक्क्यांपर्यंत मर्यादित करा, शून्य करू नका. एक प्रयोग शून्यावर गेला की पुढचे करण्याची इच्छाच संपते.

आणि पहिल्या आठवड्यात प्रत्येकाकडून वेळापत्रक घ्या. "दर आठवड्याला एक करेन" असं नको. तारीख, तास, जागा, आणि घरात त्या वेळी टेबल मोकळं असेल का, हे लिहून घ्या. प्रात्यक्षिकाला सलग ९० मिनिटं आणि पसारा मांडायला जागा लागते. व्हिडिओसारखं प्रवासात उरकता येत नाही, हे विद्यार्थ्यांच्या आधी लक्षात येत नाही.

---

कच्ची_नोंद

मुदती हव्यातच, पण माझ्या मते मूळ दुखणं दोन प्रयोगांच्या मधे नाही, प्रयोगाच्या आत आहे. प्रयोगशाळेत मुलगा चुकीचं मोजत असेल तर शेजारून जाणारा शिक्षक दोन मिनिटांत हटकतो. घरी तो दीड तास चुकीचं मोजतो, आलेख काढतो, उत्तर भलतंच येतं, आणि कुठे चुकलं ते कळत नाही. त्याच्यापुढे दोनच रस्ते उरतात: सोडून देणं किंवा आकडे जुळवणं. तुम्हाला दिसणारी गळती आणि उलटी काढलेली रीडिंग, दोन्ही एकाच ठिकाणाहून येतात.

म्हणून प्रत्येक प्रयोगाचे तीन तुकडे करा आणि मधल्या तुकड्यावर ताबडतोब प्रतिसाद द्या.

पहिला तुकडा, २० मिनिटं: मांडणी करून एक फोटो, आणि एका वाक्यात अंदाज. उदाहरणार्थ, लंबकाची दोरी दुप्पट केली तर आवर्तकाल (एका पूर्ण दोलनाला, म्हणजे जाऊन परत येण्याला, लागणारा वेळ) किती पट होईल? अंदाज चुकला तरी गुण पूर्ण.

दुसरा तुकडा, ४० मिनिटं: कच्ची रीडिंग. ती वेबफॉर्ममध्ये भरायची आणि तिथल्या तिथे तपासून मिळायची.

तिसरा तुकडा: आलेख, हिशेब, निष्कर्ष. हा दुसऱ्या दिवशी केला तरी चालतो.

दुसऱ्या तुकड्याचा प्रतिसाद "बरोबर" किंवा "चूक" एवढाच असेल तर उपयोग नाही. कोणती चूक झाली ते सांगायला हवं, आणि ते बहुतेक वेळा आकड्यावरून ओळखता येतं. साधा लंबक घ्या. पाच लांबी, प्रत्येकीला २० दोलनांचा वेळ तीनदा. त्यावरून काढलेली जी ची (गुरुत्वत्वरणाची) किंमत ९.४ ते १०.२ मध्ये आली तर पुढे जा. बाहेर गेली, किंवा आत राहूनही एकाच बाजूला झुकली, तर:

सुमारे १०.८ आली, म्हणजे गोळा सोडतानाच "एक" मोजलं. "वीस" म्हणेपर्यंत दोलनं १९ च झाली, आवर्तकाल ५ टक्के कमी आला आणि जी जवळपास ११ टक्के वाढला. संदेश द्या: "सोडताना शून्य म्हणा."

सुमारे ८.९ आली, म्हणजे उलट, एक दोलन जास्त झालं.

सुमारे ३९ आली, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणं हेच एक दोलन धरलं. काळ निम्मा, जी चौपट.

लहान लांबीला जी कमी आणि मोठ्या लांबीला बरोबरच्या जवळ येत असेल, तर लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत न मोजता वरच्या टोकापर्यंत मोजली आहे. त्रिज्या १ सें.मी. असेल तर ३० सें.मी. दोरीला सुमारे ३ टक्के फरक, ९० सें.मी. ला जेमतेम १ टक्का. ही चूक फार बोलकी आहे: आवर्तकालाचा वर्ग आणि लांबी यांच्या आलेखाचा चढ तरीही बरोबरच येतो (सुमारे ४.०३ सेकंद वर्ग प्रति मीटर), पण रेषा शून्यातून न जाता सुमारे ०.०४ वर उभ्या अक्षाला छेदते. मुलांना ती रेषा शून्यातून जबरदस्तीने ओढायला लावू नका. तो छेद किती आणि का आला, हा तिसऱ्या तुकड्यातला सर्वांत चांगला प्रश्न आहे.

सगळीच किंमत ३ ते ४ टक्के कमी असेल तर झोका मोठा घेतला असावा. ३० अंशांना आवर्तकाल १.७ टक्क्यांनी वाढतो. "१० अंशांपेक्षा कमी" असं लिहून कुणी कोनमापक काढत नाही. "६० सें.मी. दोरीला गोळा १० सें.मी. पेक्षा जास्त बाजूला नेऊ नका" असं लिहा, ते पाळलं जातं.

हे करायला वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. मूडल या ऑनलाइन अभ्यासक्रम चालवायच्या प्रणालीतल्या न्यूमेरिकल (आकडी उत्तराच्या) प्रकारच्या प्रश्नात एकाच प्रश्नाला अनेक उत्तरं देता येतात, प्रत्येकाला वेगळी सूट (आकडा किती मागे-पुढे चालेल ते) आणि वेगळा अभिप्राय. ९.८ ला ०.४ ची सूट आणि पूर्ण गुण, १०.८५ ला ०.२५ ची सूट आणि वरचा संदेश, ३९ ला २ ची सूट, असं. क्विझचं वर्तन अनेक प्रयत्नांचं ठेवा. लांबीनुसार बदलणारी चूक मात्र एका आकड्यात सापडत नाही, त्यासाठी सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या लांबीची जी वेगवेगळी विचारा.

एक धोका. तपासणी अडली की विद्यार्थीही अडला, असं होऊ देऊ नका. तिसऱ्या प्रयत्नालाही आकडा बसला नाही तर त्याला पुढे जाऊ द्या आणि सहायकाच्या यादीत त्याचं नाव येऊ द्या. कुलूप माणसाच्या उत्तराची वाट बघत बसलं, तर रात्री ११ ला काम करणारा पुन्हा चार दिवसांनीच उघडतो.

---

सुटा_फ्यूज

वरचं सगळं पटलं. पण विद्युत मंडलांच्या प्रयोगांत गळती बहुतेक वेळा साहित्यामुळे होते, आणि त्यावर कुणी बोलत नाही.

सर्वांत जास्त वेळ खाणारी गोष्ट म्हणजे मल्टिमीटरचा (व्होल्टेज, प्रवाह, रोध मोजायच्या मीटरचा) उडालेला फ्यूज. विद्यार्थी व्होल्टेज मोजतो, मग नॉब मिलिअँपिअरवर फिरवतो आणि प्रोब तशीच बॅटरीच्या दोन टोकांना लावतो. प्रवाहाच्या रेंजमध्ये मीटरचा रोध अगदी कमी असतो, त्यामुळे ते शॉर्टच होतं आणि आतला फ्यूज जातो. आवाज नाही, वास नाही. नंतर बऱ्याच मीटरांत व्होल्टेज नीट दाखवलं जातं, प्रवाह मात्र प्रत्येक मंडलात शून्य. मग तो मंडलच चुकलं असं समजून तारा काढतो, पुन्हा जोडतो, पुन्हा शून्य. इथून पुढे त्याचं खातं शांत होतं.

उपाय असे. पेटीत मीटरवर लिहिलेल्याच क्षमतेचे दोन जादा फ्यूज आणि मागचं झाकण उघडायला योग्य स्क्रूड्रायव्हर द्या. हस्तपुस्तिकेत "प्रवाह शून्य येतोय?" हे पान पहिलं ठेवा, शेवटच्या परिशिष्टात नको. आणि पेटी-तपासणीच्या आठवड्यातच एक छोटं मोजमाप करून घ्या: दोन सेलची ३ व्होल्टची बॅटरी, १ किलोओहमचा रोध, मीटर एकसर जोडणीत. सुमारे ३ मिलिअँपिअर यायला हवा. नवे सेल थोडे जास्त देतात, तेव्हा २.८ ते ३.३ चालेल. शून्य आला तर पहिल्याच आठवड्यात कळलं. सातव्या प्रयोगाला कळण्यापेक्षा हे फार बरं.

दुसरी गोष्ट, मोठ्या ब्रेडबोर्डवरच्या (तारा खोचून मंडल जोडायच्या भोकांच्या पाटीवरच्या) वीजपट्ट्या. कित्येक बोर्डांत कडेची लांब पट्टी मध्यावर तुटक असते. रंगीत रेघेत तिथे फट दिसते, पण लक्ष जात नाही. अर्ध्या बोर्डला वीज मिळत नाही. व्हिडिओत सांगून सोडू नका, पेटीत दोन लहान तारा त्या फटीवर पूल म्हणून आधीच लावून पाठवा.

तिसरी, एलईडी. ९ व्होल्टची बॅटरी देत असाल तर रोधाशिवाय जोडलेला एलईडी जळणारच. लाल एलईडीवर सुमारे २ व्होल्ट पडतात, उरलेल्या ७ व्होल्टला ३३० ओहमने सुमारे २१ मिलिअँपिअर येतो, ते ठीक. शक्य असेल तर ९ व्होल्ट टाळाच, ३ व्होल्टवर बहुतेक प्रयोग होतात आणि शॉर्टनेही कमी नुकसान होतं. एलईडी मोजून एक देऊ नका, पाच द्या. एका सुट्या भागासाठी आठवडाभर टपालाची वाट पाहणारा विद्यार्थी त्या आठवड्यात दुसरं काहीही करत नाही.

पेटीत सगळ्या वस्तूंची बाह्यरेषा छापलेला एक कागद टाका. प्रत्येक वस्तू आपल्या रेषेवर ठेवून फोटो पाठवायचा. काय कमी आहे ते सहायकाला क्षणात दिसतं.

फोनचे सेन्सर वापरणार असाल तर तेही आत्ताच तपासून घ्या. आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स हे ॲप उत्तम आहे, पण त्यातला लंबकाचा प्रयोग जायरोस्कोपवर (फोन किती वेगाने फिरतो ते मोजणाऱ्या सेन्सरवर) चालतो आणि काही फोनांत तो नसतो. अशांना स्टॉपवॉचचा पर्याय बरोबरीचा मानून द्या, कमी प्रतीचा म्हणून नको.

---

वर्नियर

मनापासून आभार सगळ्यांचे. पेटी-तपासणीचा आठवडा आणि मधली तपासणी, दोन्ही घेणार.

आता दोन शंका. एक, ९० जणांवर लक्ष ठेवायचं तर रोज काय बघायचं? आणि दोन, १२ अहवाल गुणिले ९० म्हणजे १०८० अहवाल, ते कसे तपासायचे? खोट्या रीडिंगचं काय, हाही प्रश्न आहेच.

---

सोमवारची_यादी

रोज बघू नका, थकाल. आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वेळी, तीनच खुणा बघा.

पहिली: गट उघडून सात दिवस झाले आणि एकाही प्रयोगाची हस्तपुस्तिका उघडलेली नाही. दुसरी: मांडणीचा फोटो आला, पण त्यानंतर ७२ तासांत कच्ची रीडिंग नाही. तिसरी: मधल्या तपासणीत तीन प्रयत्न संपले. पहिल्या खुणेला वेळापत्रक बिघडलंय, दुसऱ्या आणि तिसऱ्या खुणेला प्रयोग अडलाय. संदेश वेगळा जायला हवा. अडलेल्याला "वेळेचं नियोजन करा" असं पाठवलं तर तो पुन्हा लिहीत नाही.

मूडलमध्ये कोर्स पार्टिसिपेशन अहवालात एखादी कृती कुणी केली नाही ते दिसतं आणि त्यांना तिथूनच संदेश जातो. पण मजकूर स्वतः लिहा, छोटा ठेवा, आणि उत्तर देणं सोपं करा. उदाहरणार्थ:

"नमस्कार, प्रयोग ७ ची मांडणी मिळाली, जोडणी बरोबर दिसतेय. रीडिंग अजून आलेली नाहीत. काय अडलंय? १) वेळ मिळाला नाही २) मीटर शून्य दाखवतोय ३) दुसरं काही. नुसता आकडा पाठवला तरी चालेल."

यातलं "जोडणी बरोबर दिसतेय" हे महत्त्वाचं. कुणीतरी माणसाने आपलं काम पाहिलं हे त्याला कळतं. "आपण मागे पडला आहात" हे शब्द टाळा. तेच सर्वांना एका मेलमध्ये पाठवणं तर त्याहून निरुपयोगी, जे वेळेवर आहेत तेच ते वाचतात.

मदतीच्या वेळा ऑनलाइन ठेवता तेव्हा "शंका असल्यास या" म्हणू नका, फार थोडे येतात. "बुधवारी ८ ते ९:३०, सगळे मिळून प्रयोग ७ करू, पेटी घेऊन बसा" असं म्हणा. कॅमेरा टेबलाकडे, चेहऱ्याकडे नको. शिक्षकानेही तोच प्रयोग तेव्हा करावा.

आणि २५ मिनिटांचा तो व्हिडिओ कापा. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरच्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा २०१४ चा अभ्यास आहे, त्यात ६ मिनिटांपुढच्या व्हिडिओंना लक्ष टिकत नाही असं आढळलं. प्रात्यक्षिकात तर हातात तारा असताना मागे-पुढे करत शोधावं लागतं, म्हणून मांडणी, मोजमाप आणि हिशेब असे तीन व्हिडिओ, प्रत्येक आपापल्या तुकड्याशेजारी.

---

मोकळी_मुदत

तपासणीचा हिशेब मांडू. १०८० अहवाल, प्रत्येकी १५ मिनिटं, म्हणजे २७० तास. १४ आठवड्यांत आठवड्याला १९ तासांहून जास्त, आणि तेही समान पसरले तरच. ते पसरत नाहीत.

त्याऐवजी प्रत्येक गटात एकच पूर्ण अहवाल मागा. कोणत्या प्रयोगाचा ते विद्यार्थी निवडेल. चार गुणिले ९० म्हणजे ३६०, १५ मिनिटांनी ९० तास. उरलेल्या ७२० ना फक्त रीडिंग, आलेख आणि चार ओळींचा निष्कर्ष, ४ मिनिटांत एक, म्हणजे ४८ तास. एकूण १३८, आठवड्याला साधारण १० तास, तिघांत वाटून. वाचलेले तास बुधवारच्या बैठकीला आणि संदेशांना द्या. गळती तिथेच थांबते, अहवालातल्या लाल शेऱ्यांनी थांबत नाही.

गुण १० पैकी असे: फोटो आणि अंदाज २, कच्ची रीडिंग ३, आलेख आणि हिशेब ३, निष्कर्ष २. उत्तर प्रमाण किमतीच्या किती जवळ आलं याला गुण नकोत. जवळ येण्याला गुण दिले की आकडे जुळवण्याचं कारण आपणच दिलं.

---

कच्ची_नोंद

खोट्या रीडिंगबद्दल, पकडण्यापेक्षा ती करणं गैरसोयीचं करा.

प्रत्येकाची मापं वेगळी ठेवा. ३०, ४५, ६०, ७५, ९० सें.मी. यांत हजेरी क्रमांकाचा शेवटचा अंक मिळवायचा. ७ असेल तर ३७, ५२, ६७ असं. मित्राचा तक्ता उचलून चालत नाही, आणि तपासणी लांबीची नाही तर जी ची होत असल्यामुळे तुमचं काम वाढत नाही.

तीनही वेळा स्वतंत्र भरून घ्या, सरासरी मागू नका. हाताने स्टॉपवॉच दाबताना एक-दोन दशांश सेकंदांचा फरक पडतोच. २० दोलनांच्या तीन वेळा ३१.१०, ३१.११, ३१.१० अशा जुळत्या, आणि सगळ्याच लांबींना इतक्याच जुळत्या आल्या, तर बोलून बघायला हवं. आरोप करायचा नाही, "मोजमाप कसं केलं ते दाखवाल का" एवढंच. कधी कधी तो फोनच्या कॅमेऱ्याने चित्रण करून फ्रेम मोजत असतो, आणि ती शाबासकीची गोष्ट आहे.

शिवाय दुसऱ्या आणि चौथ्या गटानंतर पाच-पाच मिनिटांची तोंडी परीक्षा ठेवा. ९० जणांची एक फेरी साडेसात तासांत होते, तिघांत अडीच-अडीच तास. प्रश्न त्याच्याच तक्त्यावर हवेत: "ही तिसरी रीडिंग बाकीच्यांपेक्षा लांब का?" "मीटर कोणत्या रेंजवर होता?" ज्याने प्रयोग केला आहे तो यावर न अडखळता बोलतो, उत्तर चुकलं असलं तरी. तोंडीची तारीख पहिल्याच दिवशी वेळापत्रकात टाका.

---

सुटा_फ्यूज

एक राहिलं. जोडीने काम करायला परवानगी द्या, पण पेटी दोघांकडे आणि रीडिंग दोघांची वेगळी. जोडीदार साधारण त्याच दिवशी वेळ मिळणारा हवा, म्हणून जोड्या वेळापत्रकं आल्यानंतर लावा, हजेरीच्या क्रमाने नको. पहिल्या गटानंतर जोडी बदलायची मुभा ठेवा. दोघांनी एकमेकांची कच्ची रीडिंग बघून एक शंका लिहायची, एवढंच बंधन घाला. त्याला वेगळे गुण नकोत, पण शंका लिहिल्याशिवाय तिसरा तुकडा उघडू नये. जोडीदार ४८ तासांत आला नाही तर तो आपोआप उघडावा.